मेजवानीचं भाषण आणि मित्रदेशांची थट्टा

मागच्या अंकातल्या राजशिष्टाचारावरच्या लेखात मेजवानीच्या भाषणांचा उल्लेख ओझरताच होता : यजमान आधी बोलतो, पाहुणा उत्तर देतो, शेवटी पेले उंचावून शुभेच्छा. त्यावर आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त कुतूहल दिसलं ते विनोदाबद्दल. मित्रदेशांचे नेते एकमेकांसमोर थट्टा करतात ती कोण ठरवतं, ती कुठे खपते आणि कुठे अंगाशी येते, असे हे प्रश्न. त्यातले काही उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : अमेरिकेने ब्रिटनशी लढून स्वातंत्र्य मिळवलं, तरी दोन्हीकडचे नेते त्याच युद्धावरून एकमेकांना चिमटे काढतात आणि सगळे हसतात. मग ब्रिटिश पाहुण्याने दिल्लीत येऊन १८५७ किंवा १९१९ वर कोटी केली, तर आपल्याला का झोंबेल? आपण जास्त हळवे आहोत का? (पुणे)

उत्तर : हळवेपणाचा इथे संबंध नाही. थट्टेच्या आधी काय बोलून झालं होतं, ते पाहावं लागतं.

७ मे २००७ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राणी एलिझाबेथ यांचं स्वागत करताना धाकट्या बुश यांची जीभ घसरली. अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला राणी १९७६ साली आल्या होत्या, हे सांगताना ते ‘सतराशे’ म्हणून गेले आणि मग सावरून १९७६ म्हणाले. राणींनी त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला. आईच लेकराकडे असं बघू शकते, असं बुश लगेच म्हणाले आणि हशा पिकला. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश राजदूतांच्या निवासस्थानी परतीची मेजवानी होती. ‘मी १७७६ मध्ये इथे आले होते तेव्हा...’ अशी भाषणाची सुरुवात करावी का, याचा मी विचार करत होते, असं राणींनी तिथे उभं राहताच सांगितलं. याच्यावर आपल्याकडे उत्तर नाही, हे बुश यांनीच कबूल केलं.

हा किस्सा सगळे सांगतात, पण त्याच्या मुळाशी असलेलं भाषण कुणी आठवत नाही. ६ जुलै १९७६ ला फिलाडेल्फियात राणींनी ब्रिटनतर्फे एक घंटा भेट दिली. लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या ज्या ओतशाळेत अमेरिकन स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली मूळ ‘लिबर्टी बेल’ ओतली होती, तिथलीच. त्या वेळी त्या गंभीरपणे बोलल्या : जे हातात ठेवणं अशक्य आहे ते कधी आणि कसं सोडावं, एवढं मुत्सद्दीपण आमच्याकडे नव्हतं म्हणून आम्ही या वसाहती गमावल्या, अमेरिकेच्या संस्थापकांनी ब्रिटनला धडा शिकवला आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. एकतीस वर्षांनंतरचा विनोद या कबुलीवर उभा होता.

आयर्लंडच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. मे २०११ मध्ये राणी डब्लिनला गेल्या, ब्रिटिशांशी लढताना पडलेल्या आयरिश लोकांच्या स्मारकापुढे त्यांनी मान झुकवली. १९२० साली जिथे ब्रिटिश दलांनी प्रेक्षकांवर गोळीबार केला होता, त्या क्रोक पार्क मैदानावरही त्या गेल्या. डब्लिन किल्ल्यातल्या मेजवानीत भाषणाचे पहिले शब्द आयरिश भाषेतले होते. काही गोष्टी वेगळ्या रीतीने झाल्या असत्या किंवा झाल्याच नसत्या तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. त्या दौऱ्यात थट्टा जवळपास नव्हती. ती आली एप्रिल २०१४ मध्ये विंडसरला, आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष पाहुणे असताना. लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात आपल्याला हेलिकॉप्टरमधून उडी मारायला लावणारा दिग्दर्शक डॅनी बॉइल आयरिश वंशाचाच निघाला, असं राणी म्हणाल्या. हेच वाक्य तीन वर्षं आधी डब्लिनमध्ये आलं असतं, तर उद्दाम वाटलं असतं.

आता आपल्याकडे पाहा. १३ ऑक्टोबर १९९७ ला दिल्लीच्या मेजवानीत राणींनी जालियनवाला बाग हे भूतकाळातल्या क्लेशकारक प्रसंगांचं उदाहरण असल्याचं म्हटलं, पण इतिहास पुन्हा लिहिता येत नाही, अशी जोडही दिली. दुसऱ्या दिवशी अमृतसरला पुष्पचक्र वाहिलं. तिथेच फलकावरच्या हुतात्म्यांच्या आकड्यावर प्रिन्स फिलिप यांनी शंका काढली आणि सगळ्या समारंभावर पाणी पडलं. एप्रिल २०१९ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही. खातं असं उघडं असेपर्यंत त्यावर ब्रिटिश वक्त्याने विनोद करायचा नसतो. भारतीय वक्ता करू शकतो, कारण ज्याला लागलं त्याला हसण्याचा पहिला मान असतो.

प्रश्न : ही वाक्यं खरोखर त्या नेत्यांना सुचतात की कुणी लिहून देतं? (नाशिक)

उत्तर : बहुतेक लिहून दिलेलीच असतात. देशागणिक पद्धत बदलते, पण साधारण वाट अशी. भाषणलेखक मसुदा करतो. परराष्ट्र मंत्रालयात त्या देशाचं काम पाहणारा अधिकारी तो वाचतो. विनोद चांगला आहे की वाईट याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तो तारखा आणि दुखऱ्या जागा तपासतो. त्या आठवड्यात एखादी व्यापारी बोलणी अडली आहेत का, एखाद्या दुर्घटनेचा स्मृतिदिन आहे का, न्यायालयात खटला चालू आहे का. मग मसुदा त्या देशातल्या आपल्या दूतावासात जातो. तिथे खरा कस लागतो तो स्थानिक कर्मचाऱ्यांसमोर. त्यांना वाक्य वाचून दाखवायचं आणि ‘हसू आलं का’ असं विचारायचं नाही, कारण साहेबांसमोर सगळे हसतात. ‘याच्यात कुणावर हसलोय?’ हे विचारायचं. उत्तरात वक्त्याखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव आलं, तर वाक्य कापायचं. शेवटी दुभाष्याकडे. अनेकदा दोन्ही बाजू भाषणांची देवाणघेवाणही आधी करतात, नाहीतर दोघांचा विनोद एकच निघतो आणि दुसऱ्याची पंचाईत होते.

कसलेला लेखक विनोदाचा परिच्छेद सुटा ठेवतो. सकाळी भूकंपाची किंवा अपघाताची बातमी आली, तर तेवढे चार ओळींचे शब्द उचलून बाजूला ठेवता आले पाहिजेत. भाषणाचा मुद्दाच विनोदात गुंफला असेल, तर तो काढल्यावर भाषण पांगळं होतं.

एवढं करूनही घोटाळे होतात, आणि ते बहुधा कागदाबाहेरच्या वाक्यांनी होतात.

प्रश्न : स्वतःवर केलेला विनोद नेहमी सुरक्षित, असं वक्तृत्वाच्या सगळ्या पुस्तकांत असतं. हे खरं आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : बहुतांशी खरं आहे. २६ डिसेंबर १९४१ ला चर्चिल अमेरिकन काँग्रेससमोर म्हणाले की आई ब्रिटिश आणि वडील अमेरिकन असे उलटे असते, तर मी इथे स्वतःच्या बळावरही पोहोचलो असतो. त्यांची आई अमेरिकन होती. एका वाक्यात नातं सांगून झालं, आणि आपण मदत मागायला आलेले परके आहोत हा अवघडपणाही गेला.

काँग्रेससमोर चालणारा दुसरा हुकमी प्रकार म्हणजे स्वतःच्या घरच्या संसदेवर केलेली तक्रार. जून २०१६ मध्ये नरेंद्र मोदी तिथे म्हणाले की तुमच्या काँग्रेसमध्ये पक्षभेद विसरून गुण्यागोविंदाने काम चालतं असं ऐकतो. आमच्याकडेही, विशेषतः वरिष्ठ सभागृहात, हेच चित्र दिसतं. राज्यसभेत तेव्हा सरकारकडे बहुमत नव्हतं. समोरचे खासदार आपसांत किती भांडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण टोला आधी स्वतःच्या घरावर घेतल्याने कुणाला लागला नाही. एप्रिल २०२४ मध्ये जपानचे पंतप्रधान किशिदा यांनी टाळ्या थांबल्यावर सांगितलं की जपानच्या संसदेत माझ्यासाठी अशा टाळ्या कधी वाजत नाहीत. ते मायदेशी अडचणीत होते, त्यामुळे वाक्याला खरेपणाची धार होती.

पण स्वतःवरचा प्रत्येक विनोद स्वतःवर राहतोच असं नाही. १४ फेब्रुवारी १९७९, मेक्सिको सिटी. राष्ट्राध्यक्ष लोपेझ पोर्तियो यांनी दुपारच्या जेवणात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना बरंच कडक ऐकवलं होतं. मेक्सिकोच्या नैसर्गिक वायूचा सौदा अमेरिकेने किमतीवरून मोडला होता आणि तो राग ताजा होता. उत्तरादाखल कार्टर यांनी एक जुनी आठवण सांगितली : मला धावायची सवय इथेच लागली, पहिली धाव कलाभवनापासून हॉटेलापर्यंत, कार्यक्रम चालू असताना माझ्या लक्षात आलं की मला ‘मोक्तेसुमाचा सूड’ बाधलाय. अमेरिकन पर्यटक मेक्सिकोत पोट बिघडण्याला हेच म्हणतात. मोक्तेसुमा हा स्पॅनिशांनी पराभूत केलेला अ‍ॅझ्टेक राजा.

वरवर पाहता फजिती कार्टर यांचीच होती. पण दोष कुणाकडे गेला? यजमानांच्या पाण्याकडे, अन्नाकडे आणि त्यांच्या हरलेल्या राजाच्या नावाकडे, तेही जेवणाच्या टेबलावर. म्हणून मसुदा तपासताना ‘कुणाची फजिती झाली’ एवढ्यावर थांबू नये. ‘कुणामुळे झाली’ हेही विचारावं. पाय घसरला तो माझा, पण फरशी तुमची, असा विनोद पाहुण्याने करू नये.

प्रश्न : खाण्यापिण्यावरची थट्टा तरी निरुपद्रवी असते ना? (पणजी)

उत्तर : मुळीच नाही. जुलै २००५ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक रशियातल्या कालिनिनग्राडला पुतिन आणि जर्मनीचे चॅन्सेलर श्रोडर यांच्यासोबत होते. गप्पांत त्यांनी ब्रिटिश जेवणाची टर उडवली : ज्यांचं जेवण इतकं वाईट त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, आणि फिनलंड सोडलं तर सर्वांत वाईट जेवण तिथेच. हे फ्रेंच वृत्तपत्रात छापून आलं. ६ जुलैला २०१२ च्या ऑलिंपिकसाठी मतदान झालं, लंडनला ५४ आणि पॅरिसला ५० मतं. मतदारांत फिनलंडचेही सदस्य होते. त्या एका वाक्याने पॅरिस हरलं, असं सिद्ध करता येत नाही. पण चार मतांच्या फरकाने हरणाऱ्या माणसाने तिसऱ्या देशाला विनाकारण का ओढावं?

त्याच सुमारास इटलीचे बर्लुस्कोनी यांनी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या पार्मामधल्या उद्घाटनात सांगितलं की फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षा तार्या हालोनेन यांना राजी करायला मला माझे जुने ‘प्लेबॉय’ डावपेच वापरावे लागले. फिन्निश जेवणावरही ते घसरले. फिनलंडने इटलीच्या राजदूतांना बोलावून घेतलं. पुढे फिनलंडमधल्या एका पिझ्झा साखळीने धुरावलेल्या रेनडिअरच्या मांसाचा पिझ्झा काढला, त्याला ‘बर्लुस्कोनी’ नाव दिलं आणि २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं. उत्तर असं द्यावं.

प्रश्न : मोठा देश लहान देशाची थट्टा करतो तेव्हा ‘अहो, गंमत होती’ म्हणतो. लहान देशाने केली तर तो उद्धटपणा ठरतो. हा दुजाभाव नाही का? (नागपूर)

उत्तर : प्रत्यक्षात उलटं घडतं. दुबळ्याला जास्त सूट मिळते. मार्च १९६९ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर म्हणाले की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं. तो कितीही प्रेमळ असो, त्याच्या प्रत्येक हुंकाराने आणि कूस बदलण्याने आपली झोप मोडते. अमेरिकनांनी हे कौतुकाने ऐकलं. आजही ते उद्धृत होतं.

हत्ती बोलू लागला की मात्र ऐकणारे कान बदलतात. कॅनडा आमचं एक्कावन्नावं राज्य होईल, हे ट्रम्प यांचं २०२४ च्या नोव्हेंबरमधलं जेवणाच्या टेबलावरचं वाक्य कॅनडाच्या मंत्र्यांनीही आधी थट्टा म्हणूनच सोडून दिलं. ते पुन्हा पुन्हा येत राहिलं, सोबत आयातशुल्क आलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या हॉकी सामन्यांत अमेरिकन राष्ट्रगीताची हुर्यो उडू लागली. जे करायची ताकद आपल्यात आहे, त्याची थट्टा समोरच्याला धमकीच वाटते.

लहान देशाच्या नेत्याची पंचाईत वेगळी. त्याचं भाषण घरीही ऐकलं जातं. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरोल्ड होल्ट यांनी जून १९६६ मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन बी. जॉन्सन (एलबीजे) यांच्याच निवडणूक घोषणेचा आधार घेऊन सांगितलं की ऑस्ट्रेलिया शेवटपर्यंत एलबीजेंबरोबर आहे. वॉशिंग्टनमध्ये ते लाडकं वाटलं. पण व्हिएतनामला सैनिक जात होते आणि घरच्यांना ते लांगूलचालन वाटलं. ते वाक्य होल्ट यांना कायमचं चिकटलं.

भारत लष्करी करारांतला कुणाचा मित्रदेश नाही, पण एक उदाहरण इथे बसतं. २१ मार्च २००० ला राष्ट्रपती भवनात क्लिंटन यांच्या मेजवानीत राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी एका आफ्रिकी नेत्याचा दाखला देऊन म्हटलं की जग हे एक खेडं झालं म्हणून ते एकाच गावपाटलाने चालवावं असं होत नाही. टोमणा पोहोचला आणि त्याची चर्चाही झाली. आमच्या मते मेजवानीच्या भाषणात एवढी धार चालते, कारण बोट माणसावर नव्हतं, सत्तेच्या रचनेवर होतं, आणि वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलेलं होतं.

प्रश्न : दुभाषी असताना विनोद करावा का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : करावा, पण दुभाष्याला कागद आदल्या दिवशी द्यावा. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर कार्टर यांनी जपानमधल्या एका लहान कॉलेजात छोटा विनोद सांगितला आणि अपेक्षेपेक्षा जोरात हशा झाला. नंतर त्यांनी दुभाष्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, मी सांगितलं की कार्टर साहेबांनी एक विनोदी गोष्ट सांगितली आहे, सगळ्यांनी हसावं. कार्टर स्वतःच हे सांगायचे.

टप्प्याटप्प्याने होणाऱ्या भाषांतरात वेळ दुप्पट लागतो. पाच मिनिटं मिळाली असतील, तर तुमचा मजकूर अडीच मिनिटांचाच हवा. विनोद एका दमात, फार तर दोन वाक्यांत संपवायचा आणि थांबायचं. खोलीत भाषा जाणणारे आधी हसतात, बाकीचे भाषांतरानंतर. वक्त्याने पहिल्या हशाला प्रतिसाद देऊन पुढचं वाक्य सुरू केलं की दुसरा हशा त्याखाली चिरडला जातो आणि अर्ध्या पाहुण्यांना आपल्याला वगळल्यासारखं वाटतं. कानाला यंत्र लावून ऐकायची सोय असेल, तर भाषांतर दोन-तीन सेकंद मागे असतं. जपानी आणि मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, जर्मनमध्येही अनेकदा, त्यामुळे दुभाषी वाक्य संपायची वाट बघतो. तेवढा वेळ गप्प उभं राहणं जड जातं, पण राहावं.

शब्दांवरच्या कोट्या, यमकं, म्हणी आणि उपरोध काढून टाकावा. उपरोध सर्वांत घातक, कारण दुभाष्याच्या सपाट आवाजात तो सरळ अर्थाने पोहोचतो. वर दिलेलं मोदींचं राज्यसभेचं वाक्य उपरोधाचंच होतं. ते चाललं, कारण सभागृह इंग्रजी थेट ऐकत होतं.

प्रश्न : समोरच्या मित्रदेशाच्या नेत्यानेच अनुचित थट्टा केली, तर काय उत्तर द्यायचं? हसायचं की निघून जायचं? (सोलापूर)

उत्तर : जर्मनांना याचा अनुभव दांडगा आहे. जुलै २००३ मध्ये युरोपीय संसदेत बर्लुस्कोनी यांनी जर्मन सदस्य मार्टिन शुल्त्स यांना सुचवलं की छळछावण्यांवरच्या एका चित्रपटात तुम्हाला ‘कापो’ची, म्हणजे कैद्यांवर देखरेख करायला कैद्यांमधूनच नेमलेल्या मुकादमाची भूमिका शोभेल. नंतर त्याला उपरोध म्हटलं गेलं. काहीच दिवसांत इटलीच्या पर्यटन खात्याच्या उपमंत्र्याने जर्मन पर्यटकांची निंदा केली. चॅन्सेलर श्रोडर यांनी इटलीतली सुट्टी रद्द केली आणि त्या उपमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

दुसरी तऱ्हा ५ जून २०२५ ची. चॅन्सेलर मेर्त्स व्हाइट हाउसमध्ये होते आणि दुसऱ्या दिवशी नॉर्मंडीच्या स्वारीचा वर्धापनदिन होता. त्यांनी त्याचा उल्लेख केला, तेव्हा ट्रम्प म्हणाले की तो दिवस तुमच्यासाठी काही सुखाचा नव्हता. मेर्त्स हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. दूरचा विचार केला तर ती माझ्या देशाची नाझी हुकूमशाहीतून मुक्तता होती, एवढंच त्यांनी सांगितलं. हे वाक्य त्यांना जागेवर सुचलं असं समजू नका. राष्ट्राध्यक्ष फॉन वाइत्सेकर यांनी ८ मे १९८५ ला जर्मन पराभवाच्या दिवसाला मुक्तीचा दिवस म्हटलं होतं. तेव्हापासून ती भूमिका जर्मन राजकारणात रुजलेली आहे. दुखरी जागा माहीत असेल, तर तिच्यावरचं एक गंभीर वाक्य आधीच तोंडपाठ असावं. ऐनवेळी प्रतिविनोद शोधायला जाऊ नये.

प्रश्न : हे सगळं मोठ्यांचं झालं. आमच्या संस्थेकडे ब्रेमेनहून पाहुणे येताहेत. पुणे आणि ब्रेमेन मित्रशहरं आहेत, औंधला ब्रेमेन चौकही आहे. मला चार मिनिटं स्वागताचं बोलायचंय, दुभाषी असेल. नेमकं काय करू? (पुणे)

उत्तर : दुभाषी असल्याने तुमचा मजकूर दोन मिनिटांचा. मंचावर मराठी मिनिटाला शंभरेक शब्दांच्या गतीने बोललं जातं, म्हणजे दोनशे शब्द. त्यातले तीस-चाळीस संबोधनात जातील. विनोद एकच, संबोधन आणि आभार झाल्यावर लगेच. शेवटी ठेवू नका, शेवट शुभेच्छांचा असतो.

नावं देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहून घ्या. केनेडींनीही जून १९६३ च्या बर्लिन भाषणासाठी जर्मन वाक्यं उच्चाराप्रमाणे कागदावर लिहून घेतली होती. तशी तयारी नसली की फेब्रुवारी २०२० मध्ये मोटेराच्या मैदानावर ट्रम्प यांनी आपल्या सचिनचं जे ‘सूचिन’ केलं, ते होतं. शहराचं नाव ते ‘ब्रेमन’सारखं उच्चारतात. ‘गूटन आबंट’ म्हणजे शुभ संध्याकाळ. शेवटच्या अक्षराचा ‘ट’ होतो, ‘ड’ नाही. ‘हेर्त्सलिख विलकोमन’ म्हणजे मनापासून स्वागत. एवढी दोनच वाक्यं जर्मनमध्ये पुरेत.

विनोदाचा कच्चा माल ब्रेमेनकडे तयार आहे. गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा वादक व्हायला ब्रेमेनला निघतात ही लोककथा तिथल्या प्रत्येकाला पाठ असते. नगरभवनाशेजारी त्यांचा पुतळा आहे. गंमत अशी की कथेत ते ब्रेमेनला पोहोचतच नाहीत. वाटेतल्याच एका घरात मुक्काम ठोकतात. पहिल्या झटक्यात सुचेल ते असं : ‘ते ब्रेमेनला पोहोचले नाहीत, तुम्ही मात्र पुण्याला पोहोचलात.’ हे म्हणू नका. पाहुण्यांची तुलना गाढवाशी होते, आणि मराठी श्रोते नेमके त्यालाच हसतील. दुभाष्याच्या लक्षात येईल, पाहुणे शेजाऱ्याला विचारतील, आणि मग समजावत बसावं लागेल. बोट आपल्याकडे वळवा : ‘आमची स्वागत समिती तुम्हाला आणायला विमानतळाकडे निघाली होती. तुमच्या गोष्टीतल्या चौघांसारखीच ती अजून वाटेत आहे.’ मंचावर महापालिकेचे आयुक्त असतील तर खड्ड्यांचं नाव घेऊ नका. वाहतुकीवर थांबा.

महायुद्ध, हिटलर, शिस्तप्रिय जर्मन, बिअर, गोमांस यांतलं काही नको. हिटलरचं नाव आपल्याकडे घरातल्या कडक माणसाला गमतीने देतात. समोर जर्मन पाहुणे असताना अध्यक्षांच्या शिस्तीचं कौतुक त्या शब्दात होणार नाही, हे सूत्रसंचालकाला आदल्या दिवशी बजावून ठेवा. दाराशी रांगोळीत किंवा औक्षणाच्या ताटात स्वस्तिक असेल, तर ते पुसायची गरज नाही, पण नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे आणि पाहुण्यांचे फोटो तिकडे जाणार आहेत. बसमध्ये असतानाच त्यांना दोन वाक्यांत अर्थ सांगावा. मंचावरून त्यावर विनोद नको.

शुभेच्छांना कोकम सरबत चालेल. पेला उंचावताना ‘प्रोस्ट’ म्हणायचं आणि ज्याच्या पेल्याला पेला लावाल त्याच्या डोळ्यांत बघायचं, पेल्याकडे नाही.

प्रश्न : काहीतरी भलतंच घडलं, तर विनोदाने वेळ मारून नेता येते का? (ठाणे)

उत्तर : येते, आणि त्याचा उत्तम नमुना टोकियोतला आहे. ८ जानेवारी १९९२ ला पंतप्रधान मियाझावा यांच्या मेजवानीत थोरले बुश यांना उलटी झाली आणि ते कोसळले. यजमानांच्या घरात पाहुणा आजारी पडणं ही जपान्यांसाठी केवढी शरमेची गोष्ट. बुश यांना नेल्यावर बार्बरा बुश मागे थांबल्या आणि बोलायला उभ्या राहिल्या. दोष आमच्या राजदूतांचा आहे, त्या म्हणाल्या. आज ते आणि जॉर्ज सम्राट आणि युवराजांविरुद्ध टेनिस खेळले आणि सपाटून हरले, आणि आम्हा बुश मंडळींना हरायची सवय नाही. जेवणाकडे, घराकडे, यजमानांकडे एक बोट गेलं नाही. दोष अमेरिकन राजदूताकडे, विजय जपानी राजघराण्याकडे. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांचं भाषण त्यांचे सुरक्षा सल्लागार स्कोक्रॉफ्ट यांनी वाचून दाखवलं आणि मेजवानी पुढे चालली.

उलट काही चुका बोलून सावरता येत नाहीत. मे २०११ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात ओबामा ‘महाराणींना’ असे शब्द उच्चारून पेला उचलून पुढे बोलत राहिले. ब्रिटिश पद्धतीत ते शब्द आले की वाद्यवृंद राष्ट्रगीत सुरू करतो, आणि त्याने ते केलं. त्या सुरांवरच ओबामांनी शेक्सपिअरच्या ओळी पूर्ण केल्या, पेला उंचावला, आणि राणी मात्र राष्ट्रगीत संपेपर्यंत पेल्याला हात न लावता उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये बोलणार असाल, तर सगळे आभार, अवतरणं आणि विनोद त्या शब्दांच्या आधी संपवायचे, आणि कागदावर त्या शब्दांखाली काहीही लिहून ठेवायचं नाही.